नभोवाणीचा तुटणारा आवाज

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतून पहाटे हिंडणाऱ्या परक्या माणसाला आपण गुजरातेत आहोत की खानदेशात, असा संभ्रम क्षणभर पडल्यावाचून राहत नाही. दुकानांवरील पाट्या गुजरातीत असतात. परंतु नळावर पाणी भरणाऱ्या स्त्रियांचे बोलणे अहिराणीत चाललेले असते आणि शाळेला निघालेल्या कित्येक मुलांच्या दप्तरांत मराठी पुस्तके असतात. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा ज्या सात माध्यमांतून चालतात त्यांपैकी मराठी हे एक आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळांना ठाऊक नसते. तापीच्या खोऱ्यातून सुरत आणि भुसावळ यांना जोडणारा लोहमार्ग झाल्याला सव्वाशे वर्षांचा काळ लोटला. त्या मार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबारकडील शेतकरी कुटुंबे सुरतेस येत राहिली. यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत, कापडबाजारात राबता राबता येथलीच झाली. नदीही तीच. भुसावळजवळून गेलेले पाणी सुरतेपाशी समुद्राला मिळते. माणसे त्या पाण्याच्या वाटेने आली खरी, पण येताना कान मात्र मागे ठेवून आली.

या कानांची सोय फार काळ नीटशी झाली नव्हती. नभोवाणीच्या लहरींना राज्यांच्या सीमा कळत नाहीत. अंतर मात्र कळते. जळगाव सुरतेपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि इतक्या लांबवर येईतो दुबळ्या होतात. सूर्य मावळला म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातील, त्यांना शोषून घेणारा थर विरतो. मग त्याच लहरी त्याहून वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतात. म्हणून जुन्या पिढीतील श्रोते दिवेलागणीनंतर संच खिडकीशी नेऊन बसत, काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करीत, संच थोडा तिरपा फिरवून पाहत, आणि खरखरीच्या ढिगातून ओळखीचा एक आवाज वर काढीत. एफ.एम.ची तऱ्हा निराळी. त्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या टप्प्यात चालतात. मनोरा उंच असला तरी पन्नास-साठ किलोमीटरांपलीकडे त्यांचा भरवसा धरता येत नाही. सुरतेला आकाशवाणीचे स्वतःचे एफ.एम. केंद्र आहे, आणि ते ऐकण्यासारखेही आहे. परंतु ते सुरतेचे आहे. अमळनेरच्या पावसाची आणि रावेरच्या केळीची वार्ता त्याने का द्यावी?

ही उणीव भरून निघाली ती इंटरनेटमुळे. अमेरिकेत कार्ल मालामुद यांनी 1993 साली इंटरनेटवरून मुलाखतींचा नभोवाणी-कार्यक्रम सुरू केला, आणि 1994 च्या नोव्हेंबरात तेथील चॅपेल हिल येथील विद्यापीठाच्या केंद्राने आपले नेहमीचे ध्वनिक्षेपण या नव्या वाटेने जगाला ऐकविले. पुढल्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मात्र त्या वेळच्या टेलिफोनच्या तारेवरून एखादे चित्र उघडेपर्यंत चहा होऊन जात असे. 2016 नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि ही वाट गरिबाच्या घरापर्यंत आली. आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर देशभरातील दोनशेहून अधिक केंद्रे ऐकता येतात. 2024 च्या नोव्हेंबरात प्रसारभारतीने ‘वेव्हज्’ हे आणखी एक ॲप काढले, त्यातही नभोवाणी आहे. जळगाव, पुणे, नागपूर, मुंबई ही केंद्रे आता लिंबायतेच्या खोलीत दिवसाउजेडी आणि खरखरीवाचून ऐकू येतात. निदान यावीत, अशी अपेक्षा असते.

कारण प्रत्यक्षात पुष्कळ घरांत जे घडते ते असे. तीस-पस्तीस वर्षे यंत्रमागावर उभा राहिलेला एक वृद्ध सकाळी नातवाचा जुना मोबाइल उशाशी घेऊन बसलेला असतो. जळगाव केंद्रावर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम चालू असतो. गावी भावाकडे चार एकर कपाशी आहे, त्यामुळे तो जीव कानांत आणून ऐकत असतो. बोंडअळीवर काय फवारावे, हे वक्ता सांगू लागतो, आणि नेमके औषधाचे नाव यायच्या वेळी आवाज थांबतो. पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरू लागते. "आवाज तुटस रे, पोरा," म्हातारा हाक मारतो. नातू दुसऱ्या खोलीतून येतो, दोन ठिकाणी बोट लावतो, आवाज सुरू होतो; "झालं, बाबा," म्हणून तो निघून जातो. औषधाचे नाव गेले ते गेलेच. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हाक मारणे म्हाताऱ्याला जड जाते, आणि तो मोबाइल पालथा घालून ठेवतो.

येथे हानी एका कार्यक्रमाची झालेली नाही. ज्याने आयुष्यभर आपला संच आपण लावला, सेल बदलले, एरिअलची तार छपरावर स्वतः बांधली, तो मनुष्य एका साध्या ऐकण्यासाठी परावलंबी झाला आहे. नातवाने केले त्यात वाईट हेतू नाही. परंतु दुरुस्त करून देणे आणि शिकवून देणे यांत फार अंतर आहे. जुन्या संचाची खरखर ऐकून दोष एरिअलचा, सेलचा की हवेचा, हे श्रोत्याला कळत असे. नव्या यंत्रालाही दोष ओळखण्याच्या अशाच खुणा आहेत. त्या कोणी सांगत नाही एवढेच.

खुणा समजण्यापूर्वी आवाज कोणत्या वाटेने येतो ते थोडे पाहिले पाहिजे. जळगावच्या स्टुडिओत बोलला गेलेला शब्द प्रथम आकड्यांत मोजला जातो. ध्वनिमुद्रणाच्या तबकड्यांसाठी जी रीत ठरली, तीनुसार एका सेकंदात 44,100 वेळा मोजमाप होते, आणि दोन कर्ण्यांसाठी मिळून सेकंदाला 14 लाखांहून अधिक शून्य-एकची चिन्हे तयार होतात. एवढा भार सर्वसामान्य जाळ्यावरून वाहून नेणे परवडत नाही. म्हणून माणसाच्या कानाला जे तसेही ऐकू येत नाही ते गाळून हा भार पुष्कळ हलका करतात. बोलण्याच्या कार्यक्रमांना सेकंदाला 64 हजार चिन्हे, म्हणजे 64 किलोबिट, बहुधा पुरतात. मग त्या आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते एका सर्व्हरवर ठेवले जातात, आणि श्रोत्याचा मोबाइल ते एकामागून एक मागवून घेतो. पुढले दोन-तीन तुकडे जवळ साठवल्यावरच तो पहिला तुकडा वाजवू लागतो. या साठ्यालाच बफर म्हणतात. घरात दोन दिवसांचे पीठ शिल्लक असले म्हणजे गिरणी एक दिवस बंद राहिली तरी चूल पेटते, तसेच हे आहे. साठा संपला आणि नवा तुकडा आला नाही, की वर्तुळ फिरू लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. जुन्या नभोवाणीत एक मनोरा बोलत असे आणि त्याच्या टप्प्यातील दहा माणसांनी ऐकले काय अन् दहा लाखांनी ऐकले काय, मनोऱ्याला ते समजतही नसे. येथे प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा धागा काढावा लागतो. हजार श्रोते आले तर हजार धागे. म्हणून निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी किंवा एखाद्या मोठ्या घटनेच्या वेळी सर्व्हरच दमतो आणि सगळ्यांचाच आवाज एकदम तुटतो. अशा वेळी आपला मोबाइल दहा वेळा बंद-चालू करणाऱ्या श्रोत्याला काही लाभ होत नाही. उलट प्रत्येक वेळी नवा धागा मागून तो गर्दीत भर घालतो.

तेव्हा पहिली खूण ही, की आवाज तुटताच मोबाइलवर दुसरे केंद्र लावून पाहावे. जळगाव बंद आहे आणि पुणे वाजते आहे, तर दोष जळगावच्या बाजूचा. श्रोत्याने हात न लावता थोडे थांबावे, हेच शहाणपण. सर्वच केंद्रे मुकी झाली असतील तर मोबाइलवर एखादे वर्तमानपत्राचे पान उघडून पाहावे. पान उघडले तर जाळे शाबूत आहे आणि दोष ॲपचा आहे. ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, आणि फार दिवसांत नवे केले नसेल तर करून घ्यावे. केंद्रांचे इंटरनेटवरील पत्ते अधूनमधून बदलतात. जुने ॲप जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावीत बसते. पानही उघडत नसेल तर मात्र दोष घरातल्या किंवा गल्लीतल्या जाळ्याचा आहे, हे निश्चित समजावे. दुसरे केंद्र आणि दुसरे पान, या दोन कसोट्या सत्तर वर्षांच्या माणसाला एका सकाळी शिकविता येतात, आणि निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्या पुरतात.

घरच्या जाळ्याचा दोष शोधताना सुरतेच्या वस्तीची घडण लक्षात घेतली पाहिजे. एकाला एक लागून घरे, चार-चार मजले, आणि बहुतेक घरांत वायफायचा राऊटर. हे राऊटर जी जुनी लहर वापरतात तिच्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा अवघ्या तीन आहेत. वीस घरांचे राऊटर या तीन वाटांवर एकाच वेळी बोलू लागले म्हणजे जत्रेतल्या गोंगाटासारखी स्थिती होते. त्यातून कित्येक घरी राऊटर शोभेसाठी लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, नाही तर देवघराच्या कोनाड्यात ठेवलेला असतो. धातू आणि जाड भिंत हे या लहरींचे वैरी आहेत. राऊटर उघड्यावर, उंचावर आणि ऐकणाऱ्याच्या खोलीच्या शक्य तितका जवळ आणावा. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. नव्या राऊटरांत दुसरी, अधिक मोकळी लहरही असते. मात्र ती भिंतीपुढे लवकर हार खाते, तेव्हा त्याच खोलीत असणाऱ्यानेच तिचा उपयोग करावा. आणि वायफाय काही केल्या ठीक चालत नसेल, तर ते बंद करून मोबाइलच्या डेटावर ऐकून पाहावे. अनेक मोबाइल मरणासन्न वायफायला चिकटून राहतात आणि शेजारी धडधाकट डेटा असूनही तिकडे वळत नाहीत. हा हट्ट श्रोत्यानेच मोडावा लागतो.

डेटावर ऐकायचे म्हटले की घरातील कर्ती माणसे खर्चाच्या भीतीने नको म्हणतात. ही भीती हिशेबाला टिकत नाही. सेकंदाला 64 किलोबिट म्हणजे तासाला सुमारे 29 मेगाबाइट. रोज तीन तास ऐकले तरी महिन्याला पावणेतीन गिगाबाइटांच्या आत. तोच नातू रात्री अंथरुणात पडून जी चलच्चित्रे पाहतो, त्यांत एका तासात आजोबांचे कित्येक दिवसांचे ऐकणे खर्च होते. पण त्याचा हिशेब कोणी मागत नाही! संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली, की हजारो हात एकदम मोबाइलकडे वळतात आणि मनोऱ्यावर गर्दी होते. त्या वेळी आवाजाची प्रत कमी करण्याची सोय ॲपमध्ये असल्यास ती वापरावी. बारीक धागा गर्दीतूनही निघतो.

एक तक्रार मात्र फारच विलक्षण वाटते, आणि तीच सर्वांत अधिक ऐकू येते. मोबाइल हातात असेपर्यंत नभोवाणी नीट चालते. खाली ठेवला, पडदा काळा झाला, की थोड्या वेळाने आवाज बंद. वृद्ध श्रोत्यांना वाटते की यंत्राला आपल्या हाताचा स्पर्शच हवा आहे. खरे कारण असे, की बॅटरी वाचविण्याच्या नादात मोबाइलच पडद्याआड चाललेली कामे बंद पाडतो, आणि नभोवाणीही त्यातच मोडते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपपुढे बॅटरीविषयी जे बंधन लिहिलेले असते ते काढून टाकावे. बॅटरी वाचविण्याची सर्वसाधारण योजना चालू असेल तर तीही ऐकण्याच्या वेळी बंद ठेवावी. हे काम एकदाच करायचे असते. न केल्यामुळे कित्येक म्हाताऱ्यांनी रात्रभर दर दोन मिनिटांनी पडद्याला बोट लावीत भजने ऐकली असतील.

दुसरा असाच लपलेला दोष तारखेचा. कपाटात पडून राहिलेला जुना मोबाइल आजोबांसाठी काढला जातो. बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यामुळे त्याचे घड्याळ कधी कधी कित्येक वर्षे मागे गेलेले असते. हल्ली बहुतेक केंद्रांशी होणारा संबंध सुरक्षित पद्धतीचा असतो. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो आणि मोबाइल त्यावरची मुदत तपासतो. मोबाइलच्या मते आजची तारीखच चुकीची असेल तर प्रमाणपत्र खरे असूनही तो ते नाकारतो आणि आवाज येत नाही. तारीख-वेळ आपोआप लागेल असे करून ठेवले म्हणजे ही अडचण मिटते. फारच जुन्या यंत्रांना मात्र नवी प्रमाणपत्रे ओळखताच येत नाहीत. 30 सप्टेंबर 2021 रोजी इंटरनेटवर फार ठिकाणी वापरात असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरची कित्येक जुनी यंत्रे एका दिवसात अडली. त्यांत मोडतोड काहीच झालेली नव्हती.

या संदर्भात परदेशी असलेल्या मुलांनी आईवडिलांसाठी पाठविलेल्या खास इंटरनेट-रेडिओ संचांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दिसायला हे संच जुन्या रेडिओसारखे, लाकडी पेटीचे, गोल कळीचे. वृद्धांना ते हाताळायला सोपे जातात यात शंका नाही. परंतु या संचात केंद्रांची यादी नसते. ती दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवरून येते. रेसिव्हा नावाची अशी एक यादी पुरविणारी सेवा 2021 साली बंद झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले संच, पेटी-कर्णा सगळे धड असूनही, जवळजवळ निरुपयोगी झाले. पुष्कळ पैसे देऊन असा संच घेण्यापेक्षा साधा मोबाइल आणि त्याला जोडलेला एक बऱ्यापैकी ब्लूटूथ-स्पीकर ही सोय अधिक टिकाऊ ठरते. त्यातही स्पीकर आणि मोबाइल एकाच खोलीत असावेत. मोबाइल खिशात घालून माणूस गच्चीवर गेला म्हणजे खाली स्पीकर तुटक बोलू लागतो आणि घरातील मंडळी उगाच इंटरनेटला बोल लावतात.

स्पीकरचा मुद्दा सुरतेत विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील श्रोत्यांच्या कानांचा प्रश्न निराळा आहे. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे उभा राहिलेल्या माणसाला प्रथम ऐकू येईनासे होतात ते उंच स्वर. बोलणाऱ्याचा आवाज त्याला येतो, पण स, श, त, क यांसारखी व्यंजने पुसट होतात. "ऐकू येतं, पण समजत नाही," ही त्यांची तक्रार अगदी अक्षरशः खरी असते. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून, त्यातही अगदी कमी प्रतीच्या प्रवाहातून आलेले भाषण अशा कानाला आणखी धूसर होते. आवाज मोठा केल्याने अक्षर स्पष्ट होत नाही. उलट कर्णा फाटल्यासारखा वाजतो. येथे प्रवाहाची प्रत वाढवावी, बाहेरचा स्पीकर घ्यावा, आणि एका कानाने कमी ऐकू येत असेल तर मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करण्याची जी सोय असते ती चालू करावी. गर्दीच्या वेळी प्रत कमी करावी असे वर म्हटले आहे आणि येथे वाढवावी असे म्हटले, यात विसंगती दिसेल. पण कान धड असलेल्यासाठी एक औषध आणि अधू झालेल्यासाठी दुसरे, असे हे आहे. मागावर काम केलेल्या वृद्धाला ऐकू येत नाही म्हणून नभोवाणीचा कंटाळा आला असेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी आणि मग ॲपला दोष द्यावा.

प्रवासात ऐकणाऱ्यांचे दुःख आणखी वेगळे. उधन्याहून गाडी सुटते, बारडोली, व्यारा येईपर्यंत पुणे केंद्र सुरेख ऐकू येते, आणि सोनगडच्या पुढे डोंगराळ मुलूख लागला की आवाज ठेचकाळू लागतो. धावत्या गाडीतील मोबाइलला एका मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो; मधल्या काळात साठा संपला तर प्रवाह तुटतो. पुढे नवापूरचे स्थानक येते. त्याच्या फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे, तेथे गाडी थांबली की पुष्कळदा आवाज पुन्हा लागतो, आणि भाबडा प्रवासी म्हणतो, "पहा, आपला मुलूख लागला!" बिचाऱ्याला कोण सांगणार, की उपकार स्थानकाजवळच्या मनोऱ्याचे आहेत. लांबच्या प्रवासासाठी चालू ध्वनिक्षेपणाच्या मागे न लागता, जे कार्यक्रम मुद्रित स्वरूपात मिळतात ते घरीच उतरवून घेणे बरे.

चालू ध्वनिक्षेपणासंबंधी एक सावधगिरीची सूचना. तुकडे पाडणे, साठविणे, मागविणे यांत वेळ जातो. त्यामुळे इंटरनेटवरील नभोवाणी प्रत्यक्षापेक्षा मागे असते, सहज वीस-तीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. पूर्वी बातम्यांआधीचे ठोके ऐकून घराघरांतील घड्याळे लावली जात. तो शिरस्ता इंटरनेटवरील ठोक्यांवर चालविणाऱ्याचे घड्याळ कायमचे मागे राहील. एकाच घरात दोन मोबाइलांवर एकच केंद्र लावले तर दोन्ही आवाज पुढेमागे येतात, तेही याच कारणाने; त्यात बिघाड काही नसतो.

राहिला प्रश्न जुन्या ट्रान्झिस्टरचा. इंटरनेट आले म्हणून कित्येक घरांनी तो भंगारात दिला. सुरतेने असे करणे धोक्याचे आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सेकंदाला सुमारे 9 लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. अशा प्रसंगी प्रथम वीज जाते. घरचा राऊटर तत्क्षणी मुका होतो. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग तेही थांबतात. आणि थांबेपर्यंत सारे शहर एकाच वेळी आप्तांना फोन करीत असल्यामुळे नभोवाणीच्या धाग्याला वाट मिळत नाही. केंद्र, सर्व्हर, मनोरा, राऊटर, मोबाइल या साखळीतील एक कडी तुटली तरी आवाज बंद पडतो. दोन सेलांच्या ट्रान्झिस्टरला त्यांपैकी फक्त केंद्र लागते. तो सुरतेचेच एफ.एम. केंद्र ऐकवील, जळगाव नव्हे. पण पूर चढत असताना धरणातून किती पाणी सुटले आणि कोणता पूल बंद झाला, हे सुरतेच्याच केंद्राकडून कळायला हवे असते.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर खाली काढावा, एकदा वाजवून पाहावा, आणि सुरतेचे केंद्र काट्यावर कोठे लागते तेथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. सेल त्यात घालून ठेवू नयेत. ते पाझरतात आणि आतील पितळी पट्ट्या गंजवून टाकतात. कागदात गुंडाळून, संचाच्या पिशवीतच पण वेगळे ठेवावेत, आणि ते कोठे आहेत हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः नातवाला, दाखवून ठेवावे. हे काम आजोबांना सांगावे. त्यांना ते येते.